अनोळखी गृहस्थांचं सुतक

आता काय सांगू तुम्हाला, या गोंधळाचं मूळ माझ्याच नवसात! गिरणी संपात मी देवीला बोलले होते, ह्यांची मिल चालू होईपर्यंत पडलेल्या दाढांच्या जागी दात बसवणार नाही. मिल काही चालू झाली नाही. तिथे काचेचा टॉवर उभा राहिला, तेव्हा हेच म्हणाले, "आता पुरे कर गो. भोंगा काय लिफ्टमधून वाजणार?"

तोवर जबड्याचं हाड झिजलेलं. डॉक्टरीणबाईंनी टाळूचं कातडं काढून हिरडीला शिवलं, आत हाडाचा चुरा भरला. म्हणाल्या, "हाड धरलं की त्यावर दात. तीन दिवस तोंड उघडायचं नाही, टाके सुटतील."

हाड कोणाचं, ते मी आधीच विचारलं होतं. "एक गृहस्थ वारले, त्यांनी दान केलं होतं."

झालं! वारलेला माणूस माझ्या तोंडात, आणि मी देवाला दिवा लावू? घरी येऊन देव्हाऱ्यावर फडकं टाकलं आणि तीन दिवसांचं सुतक धरून चटईवर बसले. त्या बिचाऱ्याचं कोणी असेल-नसेल! हे नेमके कणकवलीला, गावी गेलेले.

शेजारच्या शेवंताकाकूंनी झाकलेले देव पाहिले, माझं सुजलेलं तोंड पाहिलं. "अगो, कोण गेलो?"

मी कागदावर लिहिलं: नाव माहीत नाही. पुरुष होते.

"अरे देवा! धक्क्यान घोवाचा नावसुद्धा इसारली!"

तासाभरात चाळभर बातमी, हेच गेले म्हणून. दारात पिठलं-भाताची पातेली! मी लिहून दाखवलं, 'हे जिवंत आहेत.' काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आसतलेच गो, आपल्या मनात."

ह्यांच्या खात्यातले दोघे जुने कामगार आले. "संपातून तगला, आणि आता..." म्हणून ढसाढसा रडले. हसू नका! संपात खरोखर गेलेल्यांसाठीही ते असेच रडले होते.

तिसऱ्या दिवशी काकूंनी माझा हात धरला. हिरव्या बांगड्या उतरवायला! संपात उपाशी राहिले, पण हात कधी रिकामा ठेवला नाही हो. आता हाड सांभाळू की बांगड्या?

"जिवंत आहेत ते!" मी किंचाळले. टाके तटातट तुटले आणि अनोळखी गृहस्थ काकूंच्या पदरावर!

तेवढ्यात दारात हे, हातात काजूगरांची पिशवी. "कोण गेला गो?"

डॉक्टरीणबाईंनी सगळं पुन्हा केलं. दुसरे गृहस्थ, दुसरं सुतक. या खेपेला हे तिन्ही दिवस दारात खुर्ची टाकून बसले, येणाऱ्याला दिसावेत म्हणून.

आता मी दोन्ही बाजूंनी चावते. पहिला घास त्या दोघांच्या नावाने बाजूला काढते. माझ्या हाडांच्या दानाचा अर्जही भरलाय. तुम्हीही भरा, एवढं ऐका माझं. फक्त माझ्यासारखी खाली एक ओळ लिहा: घेणारीने सुतक पाळू नये, पाळलंच, तर नवऱ्याला गावी पाठवू नये.