शेळ्यांपुढं चालणारी लांडगी

आधीच सांगतो, मी असलं काही मानत नाही. मानत नव्हतो म्हणा. आम्ही ख्रिस्ती माणसं. माणूस मेला की प्रभूजवळ जातो, इथं फिरत बसत नाही, हे मला लहानपणापासून पाठ. माझी नात रूथ तुमचे हे भुताखेताचे अनुभव मोबाईलवर वाचून दाखवते. मागं कुणीतरी लांडगा होणाऱ्या माणसाचं लिहिलं होतं... पौर्णिमेला अंगावर केस उगवतात, नखं वाढतात, कपडे टराटरा फाटतात. रूथनं तसला एक सिनेमा पण लावला. मी अर्ध्यात झोपलो. उठल्यावर म्हणालो, ह्या लोकांनी लांडगा बघितलेला दिसत नाही. खरा लांडगा वाळका असतो आणि त्याला माणसाचं काही पडलेलं नसतं. ती म्हणाली, आजोबा, मग तुमचं तुम्ही लिहा की. म्हणून लिहितो. शाळा माझी चौथीत सुटली. रूथनं शब्द नीट केलेत, काही मी करू दिले नाहीत.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीवरून एसटी पारनेरला जाते त्या अंगाला. नाव लिहीत नाही, उगाच लोकांना ताप. गावामागं टेकडी, टेकडीवर पाणी अडवायला खणलेले चर, आणि त्याच्यापलीकडं नुसता माळ — कुसळं आणि दगड. माळ आणि गाव यांच्यामधी दगडी बांध आहे. त्याला एक खिंडार. जनावरं जातात-येतात ती तिथूनच.

शेळ्या माझ्या नव्हत्या, मार्थाच्या होत्या. मार्था माझी बायको. मी जन्मभर गवंडीकाम केलं, माझा शेळीशी संबंध मटणापुरता. ती सकाळी माळावर जायची ती दिवस बुडताना परत. खिंडारात एका बाजूला उभी राहायची आणि आत जाणाऱ्या प्रत्येक शेळीच्या पाठीवर हात ठेवायची. मोजता यायचं नाही तिला. हाताला कळायचं कोण मागं राहिलं ते. मग त्यांना पाणी, मला भाकरी, आणि उरलं ते तिला. दमलीस का विचारलं तर म्हणायची, "बसून काय हुतंय?"

थंडीत तिच्या छातीत दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात नेली. परत आणली ती गाडीत आडवी. त्याच्याबद्दल एवढंच लिहितो.

पोरगा शमुवेल नगरला असतो. माती झाल्यावर म्हणाला, "बाबा, शेळ्या विका आन् चला आमच्याकडं." मी नाही म्हणालो. तिचं म्हणून घरात जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

पण शेळ्या मला जुमानेनात. धारेला बसलो की लाथ. शेजारच्या हौसाबाई कुंपणावरून बघत होत्या.

"दाजी, तिचं लुगडं गुंडाळा अंगाला. तवा पान्हा सोडतील."

"मी? लुगडं?"

"मग कोट घालून धार काढता का? मी बाळंतपनाला गेल्ते तवा आमच्या मालकानं माझंच लुगडं नेसून म्हैस पिळली. लई शोभून दिसत हुता म्हनं."

आमच्याकडं हे करतात. एका हाताला लागलेलं जनावर दुसऱ्याला धार देत नाही, मग त्या बाईचे कपडे घालून बसायचं. मी शर्टावरूनच तिचं लुगडं गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला. काळी म्हणून म्होरकी शेळी होती, तिनं हुंगलं आणि गप उभी राहिली. गल्लीतली माणसं हसली. "मार्थाबाई, मिशा कवा फुटल्या?" म्हणाली. हसू द्या. लुगड्याला अजून तिचा वास होता.

धारेचं भागलं. पण माळावरून शेळ्या परत येईनात. पदर घेतला तरी गळा माझाच ना. हाका मारून मारून घसा बसला. दिवस मावळतीला टेकला आणि मी एका दगडावर बसकण मारली, म्हणलं राहा इथंच.

तेव्हा पलीकडच्या कुसळातून लांडगी उठली.

लांडगीच. सडं लोंबलेली, म्हातारी, तोंडाशी पांढरी. मी दगड उचलला. पण शेळ्या पळाल्या नाहीत. लांडग्याचा नुसता वास आला तरी शेळ्या कशा उधळतात ते आमच्याकडं पोरालाबी माहीत आहे... ह्यांनी मान वर केली, बघितलं, आणि काळी चालायला लागली. लांडगी पुढं, काळी तिच्यामागं, आणि बाकीच्या तिच्यामागं, ओळीनं. दगड माझ्या हातातच राहिला.

खिंडारापाशी लांडगी थांबली. बाजूला झाली. शेळ्या एक-एक करून आत जाताना प्रत्येकीच्या पाठीला नाक लावत होती. शेवटची गेल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं आणि माळाकडं निघून गेली.

घरी आलो. शेळ्यांना पाणी दाखवलं.

रोज तेच व्हायला लागलं. मी कुणाला बोललो नाही, पण बिरानं बघितलं. बिरा धनगर, दरसाल मेंढरं घेऊन आमच्या माळावर उतरतो. मार्थाला चांगला ओळखायचा. माझ्याशेजारी बसून तंबाखू मळत बघत राहिला.

"बाबा, लांडगा मेंढरामागं आसतो. पुढं न्हाई आसत कवा."

"मग ही काय हाय?"

"आमची म्हातारी सांगायची, कळपात जीव आडकून माणूस गेलं की ते लांडगं हुतं. कुत्रं न्हाई हुत."

"कुत्रं का न्हाई?"

"कुत्र्याला मालकाची वढ. कळपाची वढ लांडग्याला." मग तो माझ्या पदराकडं बघून म्हणाला, "काकूनं जाताना शेळ्यांचं काय इचारलं हुतं का?"

विचारलं होतं. दवाखान्यात, नळी लावलेली असताना, पाणी दाखवलं का शेळ्यांना, म्हणून. मी ते बिराला सांगितलं नाही.

मला झोप लागेना. ही लांडगी मार्था असेल, तर ती प्रभूजवळ पोचलीच नाही की काय? जन्मभर रविवारच्या भक्तीला पुढच्या ओळीत बसलेली बाई. चर्चच्या पाळकसाहेबांना जाऊन विचारलं. तरुण आहेत, चांगले आहेत.

"काका, मार्थाकाकू प्रभूत निजल्यात. त्यांना विसावा मिळालाय."

"मग माळावर हाय ती कोण?"

"लांडगी."

"लांडगी शेळ्या घरी आणून सोडती?"

साहेब खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "चहा घेणार का?" घेतला. त्यांनी प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो आणि दिवस मावळायच्या आत माळावर गेलो, कारण शेळ्या आणायच्या होत्या.

उन्हाळा लागला तशी लांडगी खंगायला लागली. फासळ्या दिसायला लागल्या. शेळ्या अंगाला घासून जायच्या, करडं तोंडापुढं उड्या मारायची, पण तिनं कधी दात लावला नाही. मी भाकरी ठेवली, मटण ठेवलं. हुंगायची नाही. उन्हात धापा टाकत बसायची आणि वेळ झाली की उठायची. एकदा उठताना तिचे मागचे पाय थरथरले, खाली बसली, परत उठली. मला रडू आलं. बायकोच्या मातीला आलं नव्हतं.

मी तिच्या बरंच जवळ गेलो. म्हणालो, "मार्था, तू असशील तर ऐक. बास झालं आता. मला न्हाई जमत शेळ्यांचं, आन् तुझ्यानं हुत न्हाई. मी विकतो. तू जा."

तिनं कान हलवला. त्याच्यापलीकडं काही नाही. उठली आणि शेळ्या घरी घेऊन गेली.

सौदा ठरला त्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो सकाळीच आला. शमुवेलही आला होता. शेळ्या टेम्पोत चढताना दंगा करणार हे मला माहीत होतं, दोऱ्या काढून ठेवल्या होत्या. लागल्या नाहीत. काळी थांबून टेकडीकडं बघत राहिली आणि मग फळीवरून आपली आपण चढली. बाकीच्या तिच्यामागं.

व्यापारी तिकडंच बघत म्हणाला, "त्या चरावर कुत्रं कुणाचं बसलंय?"

शमुवेल म्हणाला, "कुत्रं न्हाई ते. बाबा, ते काय हाय वो?"

मी म्हणालो, "असंल काहीतरी. तुमी फळी लावा."

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तोवर ती बसून होती. मग चरावरच आडवी झाली, पुढच्या पायांवर तोंड ठेवून. मी तिला इतके दिवस बघत होतो, आडवी पडलेली पहिल्यांदाच बघितली. दुपारी जाऊन आलो. तिथं काही नव्हतं. बिरा त्या भागात मेंढरं घेऊन अजून फिरतो, त्यालाही ती परत दिसली नाही.

आता मी नगरला पोराकडं असतो. वनखात्यातला एक ओळखीचा म्हणाला, म्हातारं जनावर कळपाच्या आसऱ्याला येतं. येत असेल. पाठीला नाक का लावतं ते त्याला सांगता आलं नाही. मलाही येत नाही. रूथ विचारते, आजोबा, भीती नाही वाटली? नाही वाटली. मेल्यावरसुद्धा हिला माझ्या वाटणीचं काम करावं लागलं, त्याचं वाईट वाटलं. शेळ्या विकून तिची सुटका झाली, की मी एका बिचाऱ्या जनावराचा कळप तोडला, हे मला अजून ठरवता येत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा.