करप्यावरचं ताक

वेस्ट मांबलमच्या परसातल्या वांग्याच्या रोपांवर मी जेवढे औषधोपचार केले, तेवढे आमच्या घरात कोणा माणसावर झालेले नाहीत. माणसं त्यामुळेच धडधाकट राहिली, असं माझ्या बायकोचं, सुमनचं मत आहे.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या त्या कोरड्या वर्षांतली. बँकेने माझी बदली चेन्नईला केली आणि मिरजेहून येऊन आम्ही एका तंजावरी मराठी मामींच्या घरात तळमजल्यावर भाडेकरू झालो. मामी वर राहायच्या. त्या बोलू लागल्या की एखादी जुनी बखर जिना उतरून खाली आल्यासारखं वाटायचं. (आमची मराठी ऐकून त्यांना काय वाटायचं, ते त्यांनी सभ्यपणे कधी सांगितलं नाही.) घरामागे चटईएवढं परस होतं. त्यात एक नारळ, एक धुण्याचा दगड आणि बाकी सगळ्या मुंग्या.

ते परस बघून मला आईची पुरचुंडी आठवली. आईने मिरजेच्या घरामागे जन्मभर वांगी लावली. काटेरी, जांभळी, पांढऱ्या रेघांची. दरवर्षी एक वांगं झाडावरच पिवळं होईपर्यंत पिकू द्यायचं, त्याचं बी राखेत घोळून फडक्यात बांधून ठेवायचं. वडील गेल्यावर ते घर सुटलं आणि ती पुण्याला दादाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. आम्ही चेन्नईला निघालो तेव्हा तिने ती पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "आता मला माती नाही रे, विनू. तू लाव. हे संपलं की संपलं."

मला गलबलून आलं. गलबलून आलं की मी वाटेल ती वचनं देतो. "मे महिन्यात ये! तुला परसातल्या वांग्यांची भरली वांगी खायला घालतो!"

मी सगळंच्या सगळं बी एकदम पेरून टाकलं. (थोडं राखून ठेवा, असं सुमन म्हणाली होती. तेव्हा मी हसलो होतो.) रोपं मात्र झकास आली. फुलं लागली. दर रविवारी फोनवर मी आईला रोपांची उंची सांगायचो, आणि मुलांची चौकशी तिला स्वतःहून करावी लागायची.

मग हवा बिघडली. मार्चमध्येच असं ऊन तापलं की मोटरला पाणी येईना. गल्लीत पाण्याची लॉरी यायची आणि सगळा मोहल्ला कुडम घेऊन धावायचा. कुडम म्हणजे तिथली प्लास्टिकची घागर, अरुंद तोंडाची. आमच्याकडे सगळे निळे होते, कारण निळ्यावर घासाघीस जमली होती. हे कमी झालं म्हणून एप्रिलमध्ये आभाळ भरून आलं. पाऊस पडेना, ऊन पडेना, वारा सुटेना. घामोळं आमच्या पाठीवर आलं आणि करपा वांग्यांवर! आधी पानांवर तपकिरी ठिपके, मग पिवळ्या कडा, मग पानं गळायला लागली. वर अवेळी एक जोराची सर येऊन राहिलेली फुलंही झडली.

मामी जिन्यातूनच म्हणाल्या, "अय्यो! दृष्ट लागली की पा! तुम्ही बहू बोलतां त्या झाडांविषयीं." आणि त्यांनी राक्षसाचं तोंड रंगवलेला एक भला मोठा कोहळा आणून नारळाला टांगला. करप्याला त्याची भीती वाटली नाही. मला वाटली. मी तंबाखूचं पाणी मारलं, राख उधळली, हळद शिंपडली. शेवटी लाज गुंडाळून आईला फोन केला.

"आई, माझ्या एका मित्राच्या वांग्यांवर ना, करपा पडलाय."

आई म्हणाली, "तुझ्या मित्राला सांग, आंबट ताकात कडुलिंबाचा पाला वाटून घाल, चांगला खडा हिंग घाल, दिवसभर मुरू दे आणि ऊन उतरलं की फवार. आणि तुझ्या मित्राला म्हणावं, घाई करू नकोस."

मित्राने लगेच घाई केली. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी ते मिश्रण एका निळ्या कुडममध्ये भरून मागच्या पडवीत सावलीला ठेवलं. त्याच दिवशी संध्याकाळी सुमनचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, हे मला माहीत होतं. घरातली यच्चयावत भांडी पाण्याने भरलेली असल्यामुळे बायकांसाठीचं ताक तिनेही निळ्या कुडममध्ये करून पडवीतच ठेवलंय, हे मला माहीत नव्हतं.

पाच वाजता बायका जमल्या. आमच्या बँकेतल्या देशपांड्यांच्या वहिनी, मामी, समोरच्या पंकजम पाटी (म्हणजे आजी), आणखी चार-सहा जणी. आंब्याची डाळ वाटून झाली होती. स्वयंपाकघरातून सुमन ओरडली, "अहो, पडवीतला निळा कुडम द्या बरं!"

मी तत्परतेने निळा कुडम दिला. संसारात एवढी तत्परता मी फार कमी वेळा दाखवली आहे.

मग दुसरा निळा कुडम फवाऱ्यात ओतून मी परसात उतरलो. एकेका रोपाला न्हाऊमाखू घातलं. खालून, वरून, पानांच्या पाठीवर. शेवटचं एक रोप राहिलं होतं, धुण्याच्या दगडाआड, तेवढ्यात फवाऱ्याची तोटी तुंबली. काडीने टोकरून पाहिलं, झटकून पाहिलं. शेवटी तोंड लावून जोरात ओढली.

जिभेवर आलं आलं. मागोमाग कोथिंबीर, जिरं, बेताचं मीठ आणि चिमूटभर साखर. क्षणभर मी मनात म्हटलं, वा! सुमनच्या हातच्या ताकाला तोड नाही. दुसऱ्या क्षणी फवारा तिथेच टाकून मी घरात धावलो.

पुरुषांनी हळदीकुंकवात शिरायचं नसतं. मी पडद्याआडून हातवारे करू लागलो.

सुमन तणतणत आली. "अहो, आत बायका आहेत! काय चाललंय?"

"ताक वाढू नकोस!"

"कधीच वाढलं. सगळ्यांनी पेले संपवले पण."

"संपवले? सगळ्यांनी?"

"म्हणजे काय? का हो?"

मी कानात सांगितलं. तिच्या चेहऱ्याचा रंग हळदीकडून कुंकवाकडे गेला. तेवढ्यात आतून देशपांडे वहिनींचा आवाज आला, "ताक वेगळंच होतं हो! मामी, ही तुमची तंजावरची पद्धत का?"

"नव्हे पा!" मामी म्हणाल्या. "आम्हीं समजलों, तुमच्या देशीं चैत्रांत असेंच पितात. पाडव्यास तुम्ही कडुलिंब खातां की नाही? म्हणून डोळे मिटून प्यालों."

म्हणजे मराठी बायकांनी तंजावरचा मान राखला होता, मामींनी महाराष्ट्राचा, आणि पंकजम पाटींनी दोघांचा! एकीनेही तोंड वाकडं केलं नव्हतं. आता सगळ्या सुमनकडे बघत होत्या. सुमनने एकदा पडद्याकडे असं पाहिलं की मी पडद्यासकट शहारलो. मग पदर सारखा करून ती शांतपणे म्हणाली, "हो, ह्यांच्या आईंची पद्धत आहे. वर्षभर आजार शिवत नाही."

"ओडंबुक्कु रोंब नल्लदु!" पंकजम पाटींनी निकाल दिला. शरीराला फार चांगलं! त्यांनी आणखी एक पेला मागून घेतला, आणि पतिराजांच्या मधुमेहासाठी बाटलीभर बांधूनही नेलं. (नशीब, मिश्रण पानांना चिकटावं म्हणून साबणाचा चुरा घालायचा विचार मी आळसाने सोडून दिला होता!)

बायका ठणठणीत राहिल्या. वांगी राहिली नाहीत. साखरेच्या वासाने परसातल्या मुंग्या सहकुटुंब चढल्या, आणि करप्यातून जे वाचलं होतं ते मिठाने पोळलं. काही दिवसांत नुसत्या काड्या उरल्या. दगडाआडचं ते एक रोप तेवढं उभं होतं. त्या काड्यांपुढे उभं राहून मला खरंच रडू आलं. आईची एवढी वर्षं मी एका संध्याकाळी, तीही एवढ्या चविष्ट ताकाने, संपवली होती.

मे महिन्यात आई आली. दारातच मामींनी तिचे हात धरले. "तुमचें तें कडू ताक! बहू गुण आला! माझें पित्त गेलें."

आईने माझ्याकडे पाहिलं. "कसलं ताक?"

"आपल्या घरचं. चैत्रातलं," मी म्हणालो.

ती चपला काढून थेट परसात गेली. काड्या पाहिल्या. "तुझ्या मित्राची वांगी कशी आहेत?"

"गेली."

"आणि तुझी?"

"तीच गेली."

ती धुण्याच्या दगडावर बसली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिला ते मागचं रोप दिसलं. तिने त्याची पानं उलटसुलट करून पाहिली.

"हे कसं वाचलं?"

"याच्यापर्यंत मी पोचलोच नाही."

आई हसायला लागली. पदर तोंडाशी धरून इतकी हसली की सुमन पाणी घेऊन धावत आली. आई अशी हसलेली मी वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिली, आणि त्यासाठी आणखी एक परस जाळायलाही माझी तयारी होती.

आई पावसाळा संपेपर्यंत राहिली. त्या रोपाला वांगी धरली, पण एकही तोडू दिलं नाही. सगळी पिवळी होऊ दिली. भरली वांगी झाली ती बाजारातल्या हिरव्या वांग्यांची. निघताना तिने राखेत घोळलेल्या बियांची पुरचुंडी काढली. मी हात पुढे केला. ती मला वळसा घालून गेली आणि पुरचुंडी मामींच्या ओंजळीत ठेवली. "गच्चीत लावा. आणि गच्चीला कुलूप घाला."

आई आता नाही. पण मामींनी बी देशपांडे वहिनींना दिलं, वहिनींनी अड्यारच्या बहिणीला, बहिणीने तांबरमच्या नणंदेला. आज चेन्नईभर आईची वांगी पिकतात. तोडा झाला की ही सगळी मंडळी मला आठवणीने, अगत्याने बोलावतात. फक्त जेवायला.