पेन्सिलच्या खुणेवर पेन

"तू हात नको लावूस. सेटिंग बिघडेल."

गाईड सर सगळ्यांसमोर म्हणाले. एम.फार्मचा माझा पहिला महिना. औषधात कोणता घटक किती आहे ते मोजणारं यंत्र, एचपीएलसी, समोर होतं. मी नुसती खुर्ची ओढली होती. तिच्यावर सरांनी मृण्मयीला बसवलं. ती माझ्याच वर्गातली, बुलडाण्यातल्या प्राध्यापकांची मुलगी. मी संग्रामपूरकडच्या खेड्यातल्या बौद्ध शेतमजुराची. मला म्हणाले, "तू काचसामान धू. तुझ्या हाताला सवय आहे."

सवय! तो शब्द मला अजून टोचतो.

दीड वर्ष मी धूत राहिले. प्रबंधासाठी मी बनवलेल्या गोळ्यांचे नमुने मृण्मयी यंत्रात लावायची आणि आकड्यांचा कागद मला आणून द्यायची. वर मीच थँक्यू म्हणायचं. खोटं कशाला बोलू, मी जळायचे. यंत्र अडलं की ती किती सहज त्याचं झाकण उघडायची! ते बघून अंगाची लाही व्हायची. ती स्वभावाने वाईट नव्हती. त्याचाच जास्त राग यायचा.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "भांडेच घासाचे होते त इथंच घासले असते. तिथं काऊन गेली?"

शेवटच्या सत्रात तपासणी समिती आली. अभ्यासक्रम कसा चालतो, काय सुधारायला हवं, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायचं होतं. आमच्याकडे याची पद्धत ठरलेली. फॉर्मवर ऑफिसातूनच पेन्सिलने खुणा होऊन येतात. आपण त्यावर पेन फिरवायचं. गेल्या वर्षी मीही मुकाट्याने फिरवलं होतं.

'उपकरणे स्वतः हाताळायला मिळतात का?' खूण 'नेहमी'वर होती.

शेजारी मृण्मयी भराभर पेन फिरवत होती. तिच्या कागदावर ते खरंच होतं. माझ्या कागदावर तीच खूण खोटी होती.

मी तिच्याकडूनच खोडरबर घेतलं. खूण खोडली. 'कधीच नाही'वर पेनाने बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, "दीड वर्षात एकदाही नाही. मला धुवायला ठेवलं आहे." नाव लिहायची सक्ती नव्हती. मी लिहिलं, आडनावासकट. फॉर्म समितीतल्या मॅडमच्या हातात दिला.

समिती गेल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. माझं लिहिलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "प्रबंधावर माझी सही लागते, माहीत आहे ना?"

त्यांच्यापुढे मी कायम पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी नाही बोलले. "माहीत हाये, सर. पण दुसऱ्यानं काढलेल्या आकड्यांवर मले तुमची सही नाई पाह्यजे. माहे नमुने मीच लावीन."

त्यांनी दाराकडे बोट केलं.

त्याच आठवड्यात मी प्रबंधातले सगळे आकडे काढून टाकले. यंत्रावर वेळ मिळावा म्हणून लेखी अर्ज दिला. नाही मिळाला तर विद्यापीठात जाईन. मृण्मयी सत्र संपल्यावर पदवी घेईल, माझी लांबेल. मी हॉलमध्ये बसून टाळ्या वाजवीन आणि जळेन. जळू दे. पण तिने आणून दिलेल्या एकाही कागदावर मी माझं नाव घालणार नाही.