बायकांच्या तुरुंगाचा सिनेमा

शुक्रवार पेठेत एका दारात विडीची पानं भिजत घातलेली दिसली. त्या ओल्या, तुरट वासानं मी थेट जुन्या थेटरातल्या बायकांच्या रांगेत जाऊन बसले.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. पोस्टरवर गजाआड रडणारी बाई बघून आम्ही विड्या वळणाऱ्या जणी बायकांचा सिनेमा समजून गेलो. आत बघतो तर सगळे पुरुष. पडद्यावर कैदी बायकांची लुगडी फाटली की शिट्ट्या पडायच्या आणि आम्ही माना खाली घालायचो.

मग तुरुंगातली जेलरबाई रांगेतल्या एकेकीचं काम तपासून फेकू लागली. आमच्या माना वर आल्या. कारखान्यात आमच्या विड्याही अशाच बाद करून फेकायचे. शेजारी लक्ष्मीअक्काची बोटं अंधारात पदराचं टोक विडीसारखं वळत होती.

शिक्षेची वर्षं ऐकून पडद्यावरची एक कैदी बाई रडली, तशी अक्का म्हणाली, "रडती कशाला? हिला सुटायची तारीख तर हाय की."

आम्ही पदरात तोंड खुपसून हसलो.

अक्का पुढं विड्या वळता वळताच गेली. मला काम सोडून कैक वर्षं झाली. तरी संध्याकाळी टीव्हीसमोर बसले की माझी बोटं पदर वळत असतात.