गाय खाली आहे

डोंगरात मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. मी गाई भरवणारा माणूस आहे, म्हणजे वळूचं काम नळी आणि हातमोजा वापरून करणारा. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो. मग सोडून दिलं, कारण डॉक्टर म्हणवून घ्यायला बरंही वाटत होतं. ही लबाडी आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं हिच्यापेक्षा वाईट आहे.

मी मूळचा नेवाशाकडचा. काम मिळालं ते पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, राजूरच्याही पुढच्या डोंगरात. मोटारसायकलला नायट्रोजनची टाकी बांधायची, तिच्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या, आणि फोन आला की चढ चढायला लागायचं. अडचण अशी की तिथली डांगी गाय दिवसभर रानात चरते. ती माजावर कधी आली हे कुणाला दिसतच नाही. दिसलं तर संध्याकाळी आठवतं, फोनला रेंज दुसऱ्या दिवशी मिळते, आणि मी पोचेपर्यंत माज उतरलेला असतो. त्या वर्षी तर मी भरवलेल्या गाई एकामागून एक उलटत होत्या, तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येत होत्या. चहाच्या टपरीवर एकजण मला पाहिलं की म्हणायचा, "डाक्टर आला, गाई लपवा." मीही सगळ्यांबरोबर हसायचो आणि उतारावर हेल्मेटच्या आत शिव्या देत घरी यायचो.

शेवटी एका वाडीत इंजेक्शनं देऊन सगळ्या गाई एकाच दिवशी माजावर आणायचं ठरलं. आधी एक सुई, सात दिवसांनी दुसरी, मग दोन दिवसांनी तिसरी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी ओळीनं सगळ्या गाई भरवून टाकायच्या, माज दिसो न दिसो. मला शिकवणाऱ्या साहेबांनी एकच गोष्ट घोटून घेतली होती. दुसरी सुई फक्त खाली गायीला द्यायची. खाली म्हणजे पोटात वासरू नसलेली. गाभण गायीला ती सुई गेली तर वासरू पडतं. म्हणून प्रत्येक गाय आधी हात घालून तपासायची, मालकाच्या सांगण्यावर जायचं नाही.

वाडीतून आठ गाई निघाल्या, प्रत्येकीचं मी एक कार्ड केलं. आठवी एका मावशीची. ती एकटी राहायची, मुलगा संगमनेरला टेम्पो चालवायचा. तिच्या दावणीचे दोन्ही बैल याच गायीचे. पण दोन वर्षं गाय गाभण राहिली नव्हती. मी तीनदा भरवली, तीनदा उलटली. या खेपेला नाही राहिली तर राजूरच्या बाजारात नेऊन उभी करायची, असं मुलानं सांगून टाकलं होतं, आणि तो बोलला की करतो हे मावशीला ठाऊक होतं.

"डाक्टर, एवढ्या टायमाला कर काईतरी," ती मला म्हणाली होती. "ती गेली तं मी दिवसभर बोलू कुनाशी?"

तिला खोटं हसून मी म्हणालो होतो, बघू या. खरं सांगायचं तर मला तिच्यापेक्षा माझीच जास्त काळजी होती. या आठांतल्या निम्म्या जरी राहिल्या नाहीत, तर त्या डोंगरात मला कुणी गोठ्याशी उभं करणार नव्हतं.

तपासणीच्या दिवशी सात गाई मी स्वतः हात घालून पाहिल्या. मावशीची गाय वाडीत नव्हती, मावशीही नव्हती. फोन लावला. आवाज तुटत होता. मी विचारलं, "मावशी, गायीचं काय?"

"ती खाली हाय," मावशी म्हणाली आणि फोन कट झाला.

गाय पुन्हा पाहू, असं म्हणत मी तिच्या कार्डावर लिहिलं, खाली. पहिल्या सुईला ती गाय आली, पण ती सुई निरुपद्रवी, म्हणून तपासणी पुढं ढकलली. दुसऱ्या सुईच्या सकाळी शाळेच्या मैदानात आठही गाई बांधल्या होत्या. कडाक्याची थंडी होती, दंड भरून आला होता, आणि सात गाईंच्या सात मालकांनी गप्पा मारून डोकं उठवलं होतं. आठव्या गायीशी आलो, कार्ड पाहिलं. माझंच अक्षर. त्यावर 'खाली' असं स्वच्छ लिहिलेलं. हातमोजा खिशातच राहिला आणि मी सुई टोचली. याला घाई म्हणा, आळस म्हणा, मी आजवर यासाठी सभ्य शब्द शोधलेला नाही.

भरवायच्या दिवशी सात गाई हजर. एकेकीच्या मागं माजाचा चिकट सोट लोंबत होता, काचेसारखा स्वच्छ, मनाजोगता माज. मी खुशीत होतो. एका म्हाताऱ्याच्या पाठीवर थापही मारली. मावशी मात्र आली नाही, म्हणून पायवाटेनं तिच्या भातखाचराकडं उतरलो.

खाचराच्या कडेच्या मांडवात गाय बांधलेली होती. तिचे मागचे पाय माखलेले. मावशी गवतावर बसली होती आणि तिच्यापुढं गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं.

"बिबट्या फिरतुय दोन दिस," ती म्हणाली. "भ्यायली असंल. ह्ये बघ काय टाकलंय."

मी गोणपाट उचललं. मांजराएवढं वासरू होतं. अंगावर केस आलेले नव्हते, पण खूर होते, पिवळट, मऊ. मी तिथंच बसलो.

"मावशी, मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, गाय खाली आहे."

"व्हय. हितंच हुती की. भात निघाल्याव गुरं खालीच असत्यात."

आमच्या नेवाशाकडं जमीन ताटासारखी सपाट. तिथं गायीबद्दल खाली म्हटलं की त्याचा एकच अर्थ. इथं मात्र सगळा संसारच वर आणि खाली असा वाटलेला, घर वर, खाचर खाली, पाणी खाली, देव वर. इतकी वर्षं मी त्या चढांवर गाडी घातली आणि हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मावशीलाही गाय गाभण असल्याचा पत्ता नव्हता. मला तीनदा जमलं नव्हतं ते पावसाळ्यात रानातल्या कुठल्यातरी वळूनं करून टाकलं होतं. मी येऊन ते पाडलं.

सांगितलंच पाहिजे असं नव्हतं. बिबट्या आयता होता. मी गायीचा जार, म्हणजे वार, पडलाय का ते पाहिलं, औषधाच्या गोळ्या आत सोडल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. मनात एकच घोकत होतो, गप्प बस आणि गाडीला किक मार. मग मावशीनं मला प्यायला पाणी दिलं. तांब्या हातात घेतला आणि रडायलाच आलं मला, चांगल्या पन्नाशीच्या माणसाला.

"बिबट्या नाही मावशी. माझ्या सुईनं पडलं. मी तपासलं नाही."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी राहिली हुती?" तिनं विचारलं.

"हो. चौथा महिना."

ती उठली, गायीच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवू लागली. "राहिली हुतीस व्हय गं," असं तिला म्हणाली. ते मला ऐकवत नव्हतं.

मी घाईघाईनं बोलत सुटलो. गाय बरी होईल, दोन महिने तिला तशीच राहू द्या, मग मी पुन्हा भरवतो, एक रुपया नको, हवं तर रोज येतो. ती मधेच म्हणाली, "दोन म्हयने पोरगा थांबल व्हय? ऐतवारी येतुय. आला का आदी कार्ड बघतुय."

मग तिनं सुईच्या दिवशी मी दिलेलं, घडी घातलेलं कार्ड चोळीतून काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"गाभन लिही."

"मावशी, ते खोटं होईल. सहा महिन्यांनी काय दाखवणार त्याला?"

"सा म्हयन्याचं सा म्हयन्यानं. लिही तू."

मी पेन काढलं. खाली खोडून गाभण लिहिलं. पुढं महिन्यासाठी चौकट होती. मी विचारलं, कितवा लिहू.

"चवथाच लिही," मावशी म्हणाली. "तेवढं तं खरं हुतं."