लेकीच्या घरची अंबाडी

नांदेडच्या स्टेशनवर मला सोडायला भाऊजी, माझी जाऊ कमळ आणि शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. दिल्लीकडे जाणारी गाडी गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणाऱ्या पंजाबी माणसांनी भरलेली होती. माझा उजवा हात अजून नीट वळत नव्हता, म्हणून सगळं सामान वैशालीनं, माझ्या लेकीनं, चढवलं. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी बोलणं चाललं होतं. पाणी घेतलंस का, स्वेटर वरच ठेवलाय ना, गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत. परत कधी येणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं, 'येते की दिवाळीला.' कुणी विचारलंच नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी हलली तरी मी हात केला नाही. पदर सारखा करत बसले.

कमळ, तुला हे नव्यानं सांगायला नको. पण तुझ्यासारखीच आणखी कुणी वाचेल, पुण्याला नाहीतर हैदराबादला लेकीच्या घरी जाऊन राहिलेली माझ्यासारखीही वाचेल, म्हणून सांगते. हे गेल्यावर मी वर्षभर एकटीच राहिले. एकदा पहाटे परसात घसरून पडले आणि उठता येईना. तू आणि भाऊजी तेव्हा शेतावर वस्तीला होता. उजाडल्यावर दूधवाला आला, त्यानं हाक मारली, म्हणून वाचले. मनगट मोडलं होतं. वैशाली रजा काढून आली आणि महिनाभर राहिली. तिला काही सारखी रजा मिळणार नव्हती. मला मुलगा नाही. मग राहिलं कोण?

माझी आई म्हणायची, "लेकीकडं बाळंतपणाला जावं आणि बारसं झालं की निघावं." वैशालीच्या घरी तर बाळंतपणही नव्हतं.

गुरुग्रामचं त्यांचं घर अकराव्या मजल्यावर आहे. खाली बघितलं की माणसं दिसतात, आवाज ऐकू येत नाहीत. जावई निखिल मराठीच, पण जन्म दिल्लीचा. त्यांचे वडील सरकारी नोकरीत होते, सगळं बालपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. मराठी बोलतात, पण मध्येच शब्द सापडत नाही, मग हिंदीतून वळसा घेतात. स्वभावानं फार चांगले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "आई, बिल्कुल टेन्शन घेऊ नका. हे तुमचंच घर आहे." ते मनापासून म्हणाले, तरी मला मान वर करवेना.

त्या घरात मला करायला काही नव्हतं. स्वयंपाकाला बाई, झाडूपोछ्याला दुसरी बाई, भांड्यांना मशीन. मी सकाळी आंघोळ करून सोफ्याच्या कडेला बसायची, जशी दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी. जेवताना दुसरी पोळी घ्यायची नाही, असं आपोआपच झालं होतं. एकदा वैशालीनं हात धरला. "आई, तू मोजून खातेस का गं इथे?" मी म्हटलं, "भूक नसते उंचावर." तिनं पुढं विचारलं नाही, पण त्या दिवसापासून माझ्या ताटात तीच वाढायला लागली.

कमळ, तू डाळीच्या पिशवीत अंबाडीच्या बियांची पुरचुंडी घातली होतीस, ती मला पावसाच्या तोंडावर सापडली. बाल्कनीत वैशालीची पांढऱ्या कुंड्यांतली शोभेची झाडं. त्यांत अंबाडी लावायची माझी हिंमत झाली नाही. पण खाली फिरायला जायची तेव्हा क्लबहाउसच्या मागे एक पट्टा दिसायचा. फुलझाडं वाळून गेलेली, माती उघडी, कुणी फिरकत नव्हतं. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, "लगा लो माताजी, खाली ही पड़ी है." मी डाव्या हातानं ओळी ओढल्या आणि अर्ध्या बिया पेरल्या.

खरं सांगते, ते दोन-तीन महिने बरे गेले. संध्याकाळी जायचं, तण काढायचं, बाटलीतून पाणी घालायचं. अंबाडी कशी वाढते ते तुला माहीत आहे. आधी साधं गोल पान, मग झाड उंच होतं तशी पानाला बोटं फुटतात. देठ लाल. भाद्रपदात ती माझ्या खांद्याला लागली. भाजीपुरता पाला खुडायचं मनात यायचं. पण घरात बाईच्या हातचं सगळं ठरलेलं. कुणी तोंड वाकडं केलं तर, म्हणून आज नको, उद्या बघू, असं करत राहिले.

एका दुपारी मी तिथं वाकून काम करत होते. मागं आवाज झाला म्हणून वळले तर सोसायटीचा गार्ड, ट्रॅकपँट घातलेले एक उंच गृहस्थ आणि दोन बायका उभ्या. ते गृहस्थ म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, हे मला नंतर कळलं. कुणीतरी माझ्या झाडांचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं की क्लबहाउसच्या मागे गांजा लावलाय. अंबाडीचं पान तसं दिसतं खरं. आपल्याकडं कुणाच्या मनात येणार नाही, कारण आपण ते रोज खातो.

"आंटी, ये आपने लगाया है?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी म्हटलं, "हौ, हमारे उधर की भाजी है. अंबाडी."

आपल्या बिलोलीच्या बाजाराची हिंदी ती. त्यातली एक बाई हसली. "क्या बाड़ी?" तिनं विचारलं. दुसरीनं फोन वर धरला होता. सेक्रेटरी म्हणाले की पोलिसांना कळवायचं का, ते आधी ठरवावं लागेल, तुमचा फ्लॅट नंबर सांगा. आपल्या घराण्यात कधी कुणाच्या दाराशी पोलीस आला नाही. मला हिंदी सुचेना, मराठीही सुचेना. मग मी वाकून पानं ओरबाडली आणि तोंडात घातली. त्यांच्यासमोर उभी राहून चावली. आणखी खुडली, तीही खाल्ली. आंबट रस हनुवटीवर आला असावा, कारण त्या बाईनं फोन जवळ आणला. मी म्हणत होते, "देखो, खाते हैं. कुछ नहीं होता." माझ्या नखांत माती होती.

गार्ड मला ओळखत होता, त्यानं फोन केल्यामुळे थोड्या वेळात निखिल ऑफिसातून आले. धावतच आले. मला बघून क्षणभर थांबले, मग माझ्या आणि त्या लोकांच्या मध्ये उभे राहिले. त्यांनी फोनवर झाडाचं चित्र आणि नाव काढून सगळ्यांना दाखवलं. ते जास्वंदीच्या जातीचं आहे, खायचं आहे, हे सेक्रेटरींना पटलं. पण परवानगीशिवाय सामाईक जागेत काही लावता येत नाही, असं ते म्हणाले. तेव्हा निखिलनी हात जोडले. "सॉरी सर. इनको पता नहीं था. आज ही हटवा देता हूँ."

त्यांनी माझ्यासाठी हात जोडले, ते मला अजून दिसतं. गावात जावयाचे पाय धुतात.

वर येताना लिफ्टमध्ये ते एवढंच म्हणाले, "आई, मला सांगायचं ना. मी परमिशन घेतली असती." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

वैशाली आली तोवर व्हिडिओ सगळ्या टॉवरमध्ये फिरला होता. तिनंही तो ऑफिसातच पाहिला होता. दोघं खोलीत गेली आणि भांडली. अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत. मला अर्थ लागू नये म्हणून असेल, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. ती म्हणत होती की माझ्या आईच्या वतीनं तू माफी का मागितलीस. ते म्हणत होते, मग मी काय करायला हवं होतं. आधी कधी भांडत नसतील असं नाही, पण आज ते माझ्यावरून होतं. मी बाहेर बसून पदराला लागलेली माती झटकत होते आणि ती त्यांच्या पांढऱ्या फरशीवर पडत होती, म्हणून पुन्हा गोळा करत होते.

ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वैशू, माझं तिकीट काढ."

"कुठलं?"

"गावचं."

ती माझ्यासमोर खाली बसली. "आणि पुन्हा पडलीस तर? मी इथं फोनची वाट बघत बसू? आई, तुला इथं राहायची लाज वाटते, ते मला कळतं. पण मला तिथं तुला एकटं ठेवायची लाज वाटते. आता माझ्या लाजेचं काय करायचं ते तू सांग."

तिकीट काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारावरची घंटा वाजली. माझ्याच वयाची एक बाई उभी होती, केसांत फूल, हातात रिकामी पिशवी. तिनं मला नीट पाहिलं आणि विचारलं, "वो पत्ते खाए सो तुम ही है ना?" मला वाटलं, ही आता हसायला आली. मी नुसतीच मान हलवली. ती म्हणाली, "कच्चे काय को खाए? पका के खाना था ना. हमारे इधर पुंटीकूर बोलते. थोड़ा मेरे को दोगे?"

ती राजमणी. निजामाबादकडची, म्हणजे आपल्या नदीच्या पलीकडची. पुंटीकूर हा शब्द मी बिलोलीच्या बाजारात तेलुगू बायकांच्या तोंडून कितीदा ऐकला होता. ती दुसऱ्या टॉवरमध्ये राहते, तीही लेकीच्या घरी. चार वर्षं झाली म्हणाली. मी सांगितलं, झाडं कालच उपटली. तिनं विचारलं, उपटून टाकली कुठं?

कचऱ्याच्या खोलीच्या मागे ढीग होता. पानं मलूल झाली होती, सडली नव्हती. आम्ही दोघी उकिडव्या बसून पाला खुडायला लागलो. येणारीजाणारी माणसं वळून बघत होती. मी पदर पुढं ओढून घेतला. राजमणीनं काही ओढलं नाही. ती मोठमोठ्यानं बोलत होती, तिची लेक ओरडते, जावई बोलत नाही, सून बरी की लेक बरी ते तिला ठरवता येत नाही. ऐकताना मला दोनदा हसू आलं.

रात्रीचा स्वयंपाक मीच केला. पाला उकडून पिळला, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवला, वर लसणाची फोडणी. वैशालीनं तीनदा घेतली. तिचे डोळे भरले, पण ती लाल तिखटावर ढकलून मोकळी झाली. निखिलनी एक वाटी संपवली आणि दोन पेले पाणी प्यायले. त्यांना आवडली नाही, हे मला दिसत होतं. ते माझ्यासाठी खात होते. त्याचीही लाज वाटलीच, पण वाटी रिकामी झालेली बघून बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला या वयात कळलं.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी निखिलनी खरंच परवानगी आणली. अट एकच होती, तिथं पाटी लावायची. पाटीवर हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलंय की ही खाण्याची वनस्पती आहे, आणि खाली आमचा फ्लॅट नंबर. त्या पाटीसमोरून जाताना मी आजही नजर खाली घालते. उरलेल्या बिया पेरल्या होत्या, त्या वर्षी पाला मनसोक्त खुडला. थंडीत लाल बोंडं धरली. राजमणीनं आणि मी ती सोलून चटणी केली, थोडी वाळवली. मग सोसायटीतल्या बायका यायला लागल्या. त्यांच्याकडं म्हणे याचा चहा करतात, दुकानात छोट्या डबीत मिळतो. जिनं माझा व्हिडिओ काढला होता, तीही आली. "आंटी, थोड़े हमें भी दे दो ना." मी ओंजळभर दिली. तिच्या लक्षात होतं की नव्हतं, मला समजलं नाही. मी विचारलं नाही. माझ्या लक्षात होतं, म्हणून माझीच मान खाली गेली.

लाज गेली, असं मी तुला सांगणार नाही, कमळ. ती आहे. सकाळी उठते तेव्हा माझ्याआधी उठलेली असते. फक्त आता तिच्याबरोबर आणखीही काही असतं: राजमणीची हाक, मनगटाचा व्यायाम, बोंडं कुणाला द्यायची त्याचा विचार.

परवा भाऊजींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, तब्येत विचारली, आणि घसा साफ करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं घर बंदच आहे. कडबा ठेवायला जागा नाही यंदा. ठेवू का तिथं?" आणि लगेच पुढं म्हणाले, "खरं सांगायचं तर निम्मा ठेवलाय."

विचारताना त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळलं. मी इथं रोज तसंच काहीतरी गिळत असते. मी म्हटलं, "ठेवा भाऊजी. पण माजघरात नको, तिथं गळतं. समोरच्या खोलीत ठेवा. आणि ह्यांचा फोटो तेवढा काढून तुमच्याकडं न्या." ते "हो वहिनी" म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा निखिल ऑफिसला निघाले होते. बूट घालता घालता त्यांनी विचारलं, "कोणाचा फोन, आई? घरून होता?"

मी म्हटलं, "नाही. गावाहून होता."

त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. ते "अच्छा" म्हणाले, किल्ली घेतली आणि गेले. मी दार लावून घेतलं.