शिंपल्यावरची जाळी

पुण्याजवळ मोशीतल्या आमच्या घरात, न्हाणीच्या खिडकीत तळहाताएवढा एक शिंपला असायचा, आणि त्याच्या पाठीवर पांढरी जाळी पसरलेली होती – इतकी नाजूक, की डोळे बारीक केल्याशिवाय तिची कणाएवढी घरं वेगळी दिसायची नाहीत. ओल्या टॉवेलच्या उबट वासाबरोबर ती मला अजून आठवते…

शिंपला बाबांचा. लग्नाआधीच वेंगुर्ल्याचं घर विकलं गेलं तेव्हा तिथून त्यांनी एवढंच आणलं आणि दाढीचा साबण त्यात ठेवू लागले. महाळुंग्याच्या कारखान्यात शिफ्टला निघण्याआधी जाळीवरून अंगठा फिरवत म्हणायचे, "हेच्यात जीव होते गो, एकेका खोलयेत एकेक."

पुढे पुस्तकातून कळलं, हा ब्रायोझोआ, चुन्याची घरं बांधून राहणारा समुद्रातला इवलासा जीव. खडक, शिंपला, समुद्रशैवाल, जहाजाचा तळ – मिळेल त्याला चिकटतो, जहाजांबरोबर परमुलखात जातो आणि तिथेही भिंतीला भिंत लावून वसाहत थाटतो. म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या आमच्या मोशीत राहायला लागणारे सगळे गुण अंगी होते. अडचण एकच, त्याला समुद्राचं पाणी हवं.

आणि आमच्या नशिबी बोअरचं! काय वैताग होता तो… बादलीवर क्षार, तोटीवर क्षार, केस धुतले की झाडूसारखे. आईचं माहेर लातूरकडचं, समुद्र तिने पाहिलेला नव्हता. पण पांढरं दिसलं की तिचा हात शिवशिवायचा. एका रविवारी तिने सगळी न्हाणी ॲसिडने घासली, आणि शिंपलाही. मी शाळेच्या मैदानावरून आले तेव्हा तो गुळगुळीत, उघडाबोडका होऊन खिडकीत वाळत होता.

बाबा शिफ्टवरून आले. शिंपला उलटसुलट करून पाहिला.

"अगो, ता क्षार नाय होता…"

"मंग काय होतं? पांढरं दिसलं, घासलं. ह्या पाण्यानं जीव खाल्लाय माझा!"

मला दोघांचाही राग आला. तिचा, विचारलं नाही म्हणून. त्यांचा, तिला कधी सांगितलं नाही म्हणून. आणि वर चीड अशी, की आईचं तसं चुकलंही नव्हतं. जाळी चुन्याची, क्षारही चुन्याचाच. ॲसिडला त्यातलं काय कळणार? बाबांनी साबण परत शिंपल्यात ठेवला. अंगठा मात्र पुन्हा कधी फिरवला नाही.

आता बाबा नाहीत. पाणी तेच, क्षारही तोच. परवा वैतागून मीच ॲसिडची बाटली घेऊन न्हाणीत शिरले. तोट्या झाल्या, फरशी झाली, खिडकीशी हात गेला – शिंपल्यावर क्षाराचा जाड पांढरा थर बसला होता. आयुष्यभर ज्याच्याशी भांडली, तो थर तिथे आईने बसू कसा दिला?

"ए, त्याला हात लावू नकोस!" ती दारातून ओरडली. मग जरा दबक्या आवाजात म्हणाली, "त्यांची जाळी परत यायलीय."

मी बाटलीचं झाकण लावलं.